लोडाच्या डाव्या अंगाला

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या बायकांना मी आमच्या ओसरीवरून उठवून लावलेलं आहे. माझे वडील अकोल्याला शाळेत मास्तर होते, त्यांनी मला अक्षरं शिकवली आणि अंधाराला भ्यायचं नाही हेही शिकवलं. म्हणून आपल्या मासिकाच्या या सदरात मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं... आता वय झालं, लिहून टाकते.

परमुलखात लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीत तेव्हा जो तो घर बांधत होता. आमचे हे कापसाचे अडते. त्यांनीही बाजारापासून जवळच नवं घर बांधलं. मी त्यांची दुसरी बायको. पहिली, जिला घरात सगळे थोरली म्हणत, ती घराच्या भिंती उभ्या राहत असतानाच तापानं गेली होती.

जाण्याआधी तिनं एक काम करून ठेवलं होतं. नव्या घराच्या बैठकीसाठी अकोल्याच्या विणकरांकडे गालिचा सांगून ठेवला होता. डाळिंबी रंग, कडेला हिरवी वेल, सगळं तिच्या पसंतीचं. तो विणून झाला तोवर मी या घरात आले होते. म्हणजे गालिचा आणि मी, दोघंही एकाच वर्षी अकोल्याहून अमरावतीला आलो – आणि मान त्याचा जास्त झाला. बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "थोरलीची पसंत पाहा!" त्या वेळी गूळ-पाणी घेऊन मी तिथेच उभी असायची.

त्याची बडदास्त मात्र माझ्याकडे. ह्यांनी स्वतः बसून शिकवलं. लव ज्या अंगाला झुकते त्याच अंगानं कुंचा फिरवायचा. काही सांडलं तर चोळायचं नाही, सरकी काढलेला कापूस नुसता दाबून धरायचा. खाली कडुनिंबाचा पाला आणि तंबाखूची पानं पसरायची, म्हणजे कसर लागत नाही. जमीन शेणानं सारवली की ती ठणठणीत वाळेपर्यंत गालिचा गुंडाळून ठेवायचा. एवढ्या मायेनं हे माझ्याशी दुसरं काहीच बोलले नव्हते. मी मनातून जळत होते, आणि रोज सकाळी लव सरळ करत होते.

दुपारी जेवण झालं की हे बैठकीत लोडाला टेकून घटकाभर पडत, मग बाजारात जात. मागाहून मी आत गेले की त्यांच्या बसण्याची खूण दिसे. ते ठीकच. पण एके दिवशी लोडाच्या डाव्या अंगाला आणखी एक खूण दिसली. कोणी मांडी घालून बसावं तेवढी लव दबलेली, आणि शेजारी हाताचा पंजा टेकलेला... पाची बोटं वेगवेगळी दिसत होती. पंजा लहान होता, बाईचा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझं डोकं सरळ चाललं. कापसाचा पैसा आल्यावर बाजारातले कितीतरी लोक नायकिणींच्या नादी लागले होते. मी सैपाकघरात जेवत असताना मागच्या दारानं कोणी येत असणार! गल्लीतल्या प्रत्येक बाईचा हात मी निरखून पाहू लागले.

मग हे कामानं अकोल्याला गेले. मी सकाळी गालिचा झाडला, बैठकीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. दुपार कलल्यावर उघडून पाहिलं. ह्यांची जागा कोरी होती. डाव्या अंगाची खूण होती.

मी तशीच सासूबाईंकडे गेले. त्या गहू निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "गालिचा दाखवला का तिले?"

आमच्याकडे दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक असतो, तिची मूर्ती उमटवलेला चांदीचा लहानसा पत्रा. नवं लुगडं, नवा दागिना आधी त्या टाकाला लावायचा, मग आपण वापरायचा. लुगड्यांचं मी कधी चुकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "आत्याबाई, गालिचा तिचाच तर हाये. तिचाच तिले काय दाखवू?"

"तिचा कसा? तिनं तं डोयानंबी पाह्यला नाई. गालिचा घरात आला तवा घरात बाई कोण होती?"

"मी."

"मंग तुवाच. जे तुवं, ते आधी तिले द्या लागते. तू देलं नाई म्हणून ते वाट पाहून राह्यली."

गालिचा माझा आहे, असं मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी टाक गळ्यातून काढला, डाव्या अंगाला ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. म्हटलं, "बसा बाई. हा तुमचा." थोड्या वेळानं टाक परत गळ्यात घातला आणि लव सरळ केली. त्यानंतर खूण उठली नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

हे अकोल्याहून परतले. दुपारी जेवून बैठकीत गेले, आणि थोड्याच वेळात मला हाक आली. असे हे मला कधी बोलवत नसत. मी हात पुसत गेले. हे लोडाशी बसले होते. डावा तळहात त्या जागेवर ठेवलेला होता.

"इथं काई केलं का तू?"

"गालिचा दाखवला टाकाले."

बराच वेळ हे त्या डाळिंबी लवेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं." लोड उचलला आणि बाहेर ओसरीवर जाऊन पडले. पुढे दुपारचे हे कधी बैठकीत आले नाहीत.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. रोज दुपारी, मी आत जेवत असताना, हे तिच्या शेजारी बसत होते!

मी त्या जागेवर जाऊन बसले. रागानं, हात टेकून, चांगली मांडी घालून बसले. उठून पाहिलं तर लव उभीच्या उभी. सासूबाईंना बोलावून दाखवलं.

"नीट बस ना मंग," त्या म्हणाल्या.

"नीटच बसली होती, आत्याबाई. ह्या घडीपर्यंत."

त्यांनी वाकून हात फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गळ्यातला टाक सरळ केला.

'हा तुमचा' असं मीच म्हटलं होतं खरं, पण याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. कोणा वाचकाला होत असेल तर जरूर कळवावं. त्या काळी मी अंगानं चांगली भरलेली होते, मांजर बसलं तरी ज्या लवेवर खूण उठते ती माझ्या भारानं का दबू नये? मी पुढे कितीतरी दुपारी तिथे बसून पाहिलं. सकाळी कुंचा घेऊन सगळा गालिचा झाडते. डाव्या अंगाला झाडण्यासारखं काही नसतं.