काकूचं बियाचं वांगं

या ऑनलाइन कम्युनिटीवरच्या बागकाम शिकवणाऱ्यांनो, आज गोड बोलायची अजिबात इच्छा नाही.

सकाळी तुमच्यातले तिघं बोरगाव मेघेत, माझ्या काकूच्या भाजीच्या वाडीत, गावच्या बायांना शिकवायला आले. काकूनं एका झाडाला चिंधी बांधून त्यावर एकच वांगं बियाण्यासाठी ठेवलं होतं. अजून अर्धंच पिवळं झालं होतं; पूर्ण पिवळं झाल्याशिवाय आतलं बी पेरायला येत नाही. त्या तिघांतल्या साहेबांनी ते तोडून सगळ्यांना दाखवलं. "असं रोगट फळ झाडावर ठेवायचं नसतं."

काकू ओरडली, "अहो, थे बियाचं होतं! काऊन तोडलं?"

"बियाण्याचं पाकीट देऊ ना, मावशी."

"माह्या सासूनं जपलेलं वांगं पाकिटात भेटते का?"

साहेब हसले. काकू झाडाची चिंधी सोडत बसली.

शिकवायला आला होतात ना? मग ती चिंधी कशाची, हे तोडण्याआधी एकानं तरी विचारलं का?