फोनताईंचं सपाट ‘बरं’

दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या फोनवर ती अकरा वर्षं बसत होती. डॉक्टर बदलले, भिंतींचे रंग बदलले, पण फोन तिच्याच हातात राहिला. पेशंट तिला फोनताई म्हणत. आवाजावरून ती माणूस ओळखायची, आणि माणूसही तिच्या नुसत्या ‘बोला’वरून ओळखायचा की आज डॉक्टर वेळेवर आहेत की नाहीत.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. टाके सुकल्यावर मात्र लक्षात आलं की आवाज परत आलाय तो अर्धाच. शब्द सगळे स्वच्छ, पण आवाज वर चढेना आणि मोठाही होईना. घशातली एक बारीक नस दुखावली होती.

“सहा महिन्यांत सुधारेल,” सर्जन म्हणाले, “किंवा एवढाच राहील.”

“एवढाच राहील,” तिने विचारलं. तिला वाटलं विचारलं. वाक्याचं शेपूट वर गेलंच नाही, त्यामुळे सर्जनना तो प्रश्न वाटलाच नाही. “हो, मन घट्ट केलंत ते बरं झालं,” असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिथून जे घोळ सुरू झाले ते संपेनात. संध्याकाळी नवऱ्याला ती विचारायची, “चहा घेणार.” तो पेपरमधून डोकं न काढता म्हणायचा, “घे की. मी कुठे नको म्हणतोय.” सातवीतली लेक चित्रकलेचं पहिलं बक्षीस घेऊन आली, तेव्हा ही अगदी मनापासून म्हणाली, “वा. छान.” लेकीने चित्राची गुंडाळी केली. “नसेल आवडलं तर तसं सांग ना सरळ.”

घरचे निदान समोर असतात, चेहरा बघतात. फोनवर चेहरा कुठला? एका बाईंनी सांगितलं, तीन दिवस झाले मुलाचा ताप उतरत नाही. ही म्हणाली, “हो का.” अकरा वर्षं ती हेच म्हणत आली होती, आणि त्यात एवढी माया असायची की लोक ताप सोडून सासूपर्यंत सगळं सांगत बसायचे. आता तेच ‘हो का’ टोमण्यासारखं जाऊन लागलं. तक्रारवहीत नोंद झाली, ‘फोनवरच्या बाई पेशंटची टिंगल करतात.’ मग तिने ‘कृपया’ लावून पाहिलं. “कृपया नाव सांगता का.” एका माणसाने घाबरून नाव, पत्ता आणि वडिलांचं नावही सांगून टाकलं. त्याला ती चौकशी वाटली.

सहाव्या तक्रारीनंतर मॅनेजरनी बोलावलं. वयाने तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि आवाज असा की कुणाला काढून टाकलं तरी त्याला बढती मिळाल्यासारखं वाटावं.

“ताई, आपण ना, एक महिना बघू या. मग मी स्वतः तुमचे तीन फोन ऐकतो. नाहीच जमलं तर रेकॉर्ड रूम आहेच. छान शांत जागा.”

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिथे फायली होत्या, शिडी होती, आणि दिवसभरात तोंड उघडायचं एकच कारण, ते म्हणजे जांभई.

घरी लेकीने शाळा काढली. तिने डोळे मिटायचे, आईने वाक्य बोलायचं. विचारल्यासारखं वाटलं तर बोट वर, सांगितल्यासारखं वाटलं तर खाली. पहिला आठवडा बोट खालीच राहिलं.

“मी विचारतेय गं.”

“तुला माहीत आहे तू विचारतेयस. मला कसं कळणार?”

एकदा लेक आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसली आणि ही बाहेरच्या खोलीतल्या लँडलाइनवरून तिच्याशी बोलत होती. बोलता बोलता रिसीव्हर हातातून घसरला, तो सावरताना ओठांना टेकला. आतून लेक ओरडली, “आई, बोट वर.”

मग दोघींनी ते धरूनच ठेवलं. आवाज मोठा होत नाही ना, मग रिसीव्हर जवळ आणायचा. शेवटचा शब्द थोडा लांबवायचा आणि त्याच वेळी फोन तोंडाशी न्यायचा. ‘उद्या सकाळी चालेल’ यातलं ‘चालेल’ असं पुढ्यात सरकवलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, आता आपण उत्तर द्यायचंय. काळजी दाखवायची तर उलट, ‘हो का’ म्हणत फोन हळूच लांब न्यायचा. तीन आठवड्यांत दहातली आठ बोटं बरोबर यायला लागली. दवाखान्यातही त्या काळात एकच तक्रार आली, आणि तीही पार्किंगची.

महिना भरला त्या सकाळी ती टेबलाशी आली, तर रिसीव्हर जागेवर नव्हता. त्याच्या जागी नवाकोरा हेडसेट. डोक्यावर पट्टी, गालाशी चिकटलेला माइक.

“साहेब, मला जुना फोन हवा,” ती मॅनेजरना म्हणाली.

“ताई, हात मोकळे राहतात. सगळ्यांना एकसारखं द्यायचं ठरलंय.”

“माझा आवाज त्या रिसीव्हरवरच चालतो.”

“तुम्ही ऑर्डर नका देऊ हो,” ते गोड हसून म्हणाले आणि दुसरा हेडसेट कानाला लावून बसले.

ती विनवणी होती. पण सांगणार कुणाला, आणि कोणत्या आवाजात?

पहिल्या फोनला तिने माइक चिमटीत धरून पुढेमागे केला. पलीकडची पोरगी भली होती, पटकन वेळ घेऊन मोकळी झाली. दुसऱ्या फोनला मॅनेजरनी खूण केली, हात नको, खरखर येते. तिने हात मांडीवर ठेवला. तिसऱ्या फोनवर एक काका होते. बायकोचे गुडघे, मग स्वतःचे गुडघे. ती म्हणाली, “बरं.”

काका चपापले. “रागावलात का?”

“नाही काका. गळ्याचं ऑपरेशन झालंय, आवाज वर जात नाही. मी चांगलंच बोलतेय असं समजा.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं,” काका हसले, आणि दोघांच्या गुडघ्यांसाठी गुरुवार घेतला.

मॅनेजरनी हेडसेट काढला. “काका भेटले म्हणून ठीक. प्रत्येकाला आपण ऑपरेशन सांगत बसणार का, ताई? तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय. सोमवारपासून रेकॉर्ड रूम. घशालाही आराम.” एकेक शब्द साखरेत घोळून आला होता.

“बरं,” ती म्हणाली.

“रागावला नाहीत ना?”

वर्षभर नसलेला राग लोकांना तिच्या आवाजात ऐकू येत होता. आज होता, अगदी कानशिलं तापवणारा. “रागावलेय,” ती म्हणाली. ‘उद्या सकाळी दहा’ म्हणावं तसंच ते बाहेर पडलं. मॅनेजर हसले. “तुम्ही पण ना, ताई,” असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

घरी लेक दारातच डोळे मिटून उभी राहिली. बोट तयार.

“सोमवारपासून मी रेकॉर्ड रूममध्ये,” ती म्हणाली.

बोट थोडा वेळ मध्येच राहिलं, मग आई विचारतेय असं वाटून वर गेलं. लेकीने डोळे उघडून आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट हळूच खाली घेतलं.