कागदाच्या खुर्च्या आणि आमच्या कुमुदबाई

कुमुदबाईंना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मला समोरासमोर दिसला. माझ्यासाठी ही नवी गोष्ट होती. तोपर्यंत माणसं मला खालूनच माहीत होती. पडवीतल्या खाटेवर मी झोपलेलो असायचो. येणाराजाणारा वरून वाकून बघायचा, म्हणून मला लोकांच्या हनुवट्या, नाकपुड्या आणि शर्टाची खालची बटणं जास्त ओळखीची. जन्मापासून माझे हातपाय आणि मान माझं ऐकत नाहीत, आपणहून बसता येत नाही. बाई आल्या आणि आईनं खुर्ची पुढं केली, तर ती बाजूला सारून त्या खाली जमिनीवर बसल्या. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांपुढं आले.

"नाव काय रे तुझं?"

"ओंकार," आईनं सांगितलं.

"त्याला विचारलंय मी."

"त्याला लई येळ लागतुया बोलायला, बाई. तुमी किती येळ बसणार?"

"लागू दे की. मला कुटं गाडी पकडायचीय?"

आणि त्या थांबल्या. माझं नाव माझ्या तोंडातून बाहेर येईपर्यंत आईचा चहा उकळून झाला. बाईंनी मधेच माझं नाव पुरं केलं नाही. मला वाटतं, आमची खरी ओळख त्या थांबण्यातच झाली.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत म्हणून हे पुस्तक निघतंय. मोठमोठ्या माणसांनी त्यात लिहिलंय. मला स्टेजवर बोलवू नका असं मी आधीच सांगितलं होतं, तेव्हा पुस्तक काढणाऱ्या ताई म्हणाल्या, मग जसं बोलतोस तसं लिहून दे. मोबाईलवर एका बोटानं लिहितोय. माझी शाळा सातवीनंतर सुटली, तेव्हा चुकलंमाकलं तर समजून घ्या.

बाई आमच्या कोळवण खोऱ्यातल्याच. पुण्याला अपंग मुलांच्या एका संस्थेत त्यांनी बरीच वर्षं बाइंडिंग शिकवलं. वह्या बांधायच्या, जुन्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालायचे. रिटायर झाल्यावर त्या गावी आल्या आणि भावाच्या रिकाम्या गोठ्यात बसता न येणाऱ्या पोरांसाठी खुर्च्या करायला लागल्या, कागदाच्या. ज्यांना माहीत नाही ते हसतात. कागदावर माणूस बसेल का म्हणतात. पुठ्ठ्यावर पुठ्ठा, मधे गव्हाच्या पिठाची खळ, दाबून ठेवायचं, वाळवायचं, आणि वरून रद्दीचे तुकडे एकावर एक चिकटवत जायचे. वाळल्यावर बोटानं वाजवलं तर लाकडासारखा आवाज येतो. कागद कापायचा नाही, हातानं फाडायचा. कापलेली कड वेगळी उठून दिसते, फाडलेली कड शेजारच्या कागदात विरघळून जाते. खळीत मोरचूद घालायचं, म्हणजे कीड लागत नाही. एकदा मोरचूद घालायचं राहिलं होतं. ती खुर्ची कीड लागायच्या आधी शेजारच्या शेळीनंच खाल्ली, एक हात आणि अर्धी पाठ. बाई तिच्या मालकिणीला म्हणाल्या, "तुझी शेळी आता सुशिक्षित झाली, सांभाळ तिला."

विकतची खुर्ची का नाही आणायची, असं कुणी विचारलं तर बाई सांगतात, विकतची खुर्ची कुठल्यातरी मुलासाठी केलेली असते. ही ह्याच मुलासाठी असते.

मला शाळेत परत जायचं होतं. तेवढं एकच मला पाहिजे होतं. वस्तीवरच्या शाळेत चौथीपर्यंत आईनं मला कडेवर नेलं, तिथं मी सतरंजीवर झोपूनच शिकलो. पाचवीपासून मोठ्या गावातली शाळा, आणि तोवर मी आईच्या कमरेला जड झालो. वडील महाळुंग्याला सोसायटीत वॉचमन, आठवड्यातून एकदा घरी. मोठ्या शाळेतले सर म्हणाले होते, "पोराला बसता येत असेल तर आणा. वर्गात झोपवून ठेवायला जागा न्हाई." सर वाईट नव्हते. वर्गात खरंच जागा नव्हती. मग मी पडवीत. आमच्या छपराला एक काचेचं कौल आहे. त्यातून उन्हाचा तुकडा पडायचा. सकाळी भिंतीवर, मग खाली, मग माझ्या पायावरून सरकत दाराकडं. मला वाटायचं तो शाळेत निघालाय. दारापाशी पोचेपर्यंत तो फिकट व्हायचा. मी डोळे मिटून त्याला पुढं न्यायचो, बांधावरून, ओढ्यावरून, शाळेच्या पायरीपर्यंत. वर्गात तो कुठं बसत असेल ह्याचा विचार करता करता झोप लागायची.

बाईंनी सुतळीनं माझं माप घेतलं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत एक गाठ, कमरेपासून काखेपर्यंत दुसरी. शाळा उघडायच्या आत खुर्ची करते म्हणाल्या, आणि केली.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो तेव्हा मला एक गोष्ट सापडली जी माझ्याकडं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मांडी. झोपलेल्या माणसाला मांडी नसते. आमचं मांजर आलं, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ मांडीवर येऊन बसलं, जणू ते कधीचं वाट बघत होतं. आमचं अंगण एवढं लांब आहे, पलीकडं भातखाचरं आहेत, त्यांच्यावर डोंगर टेकलाय, हे सगळं एकाच नजरेत आलं. मला गरगरल्यासारखं झालं. आई पदरानं तोंड पुसत होती. शेजारीपाजारी येऊन बघून गेले.

पण डावीकडं कमरेत दुखत होतं. सगळे एवढे खूश होते की मी काही बोललो नाही. दोनचार दिवसांनी बाई बघायला आल्या. माझ्याकडं बघितलं आणि आईला म्हणाल्या, "तुमी जरा चहाचं बघा." मग खाली बसल्या. पिशवीतून रद्दी काढली आणि फाडायला लागल्या. मी बोलायला लागलो की त्या कागद फाडत बसतात, ही त्यांची पद्धत. त्यामुळं मला वाटतच नाही की कुणी माझ्यासाठी खोळंबलंय. मी एकेक शब्द काढला. कुठं दुखतंय, केव्हापासून, कसं. त्यांच्यापुढं कागदाचा ढीग झाला.

"मी खुर्ची सरळ केली," त्या म्हणाल्या. "तू सरळ न्हाईस, हे सुतळीला कळलं होतं, मला न्हाई कळलं. चूक माझी हाय."

एवढ्या वर्षांच्या बाई, आणि माझ्यासारख्या पोरापुढं असं म्हणाल्या. आई चहा घेऊन आली तोवर त्यांनी करवत मागवली होती. तीच खुर्ची पुन्हा केली. एक बाजू उंच, पाठ जरा कलती, डावीकडं खोलगट. बघणाऱ्याला ती दाबात बिघडल्यासारखी वाटायची. एक पाहुणे म्हणाले, "बाई, खुर्ची वाकडी झालीय तुमची."

"व्हय," बाई म्हणाल्या, "पर पोरगा सरळ बसलाय न्हवं?"

ती पुन्हा करेपर्यंत जून निम्मा झाला होता. आमच्याकडं पाऊस लागला की कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मग पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात. खुर्ची ओली, शाळा सुरू. सर म्हणाले होते, सुरुवातीलाच आणा, मग पट भरला की अवघड. बाईंनी ओली खुर्ची प्लास्टिकमधे गुंडाळली, जीपच्या टपावर बांधली आणि पौडला सलीमचाचांच्या बेकरीत नेली. चाचा त्यांच्या ओळखीचे, खळीचं पीठ तिथूनच यायचं.

"बाई, आमी हितं पाव भाजतो," चाचा म्हणाले. "फर्निचर न्हाई भाजत."

"भाजू नका. भट्टीच्या वर नुसती ठिवा. आन् अधनंमधनं कूस बदला तिची."

"कूस?"

"तुमच्या पोरांची बदलत व्हता तशी."

चाचांनी खारीचे ट्रे फिरवता फिरवता माझी खुर्ची फिरवली. ती घरी आली तेव्हा तिला पावाचा वास येत होता. रंग दिला तरी तो गेला नाही. वर्गात बसल्यावर मला कायम वाटायचं की कुठंतरी जवळच काहीतरी भाजतंय आणि आपल्याला आता खायला बोलावतील. पाचवीचं माझं सगळं गणित त्या वासात झालंय.

पाचवी, सहावी, सातवी. जीपवाले मला आणि खुर्चीला न्यायचे. तीन वर्गांचे तीन कोपरे मी बघितले. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, आणि शाळेला जिना होता. माझी शाळा तिथं संपली. हे मी लपवून ठेवत नाही, कारण गौरवाच्या पुस्तकात सगळं गोडच लिहिलेलं बाईंना आवडणार नाही. त्या सरांना भेटायला गेल्या होत्या. म्हणाल्या, "पोरगा वर येऊ शकत न्हाई. वर्ग खाली येतोय का बघा." सर म्हणाले, खाली ऑफिस आहे, सामान आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या जूनला बाई परत गेल्या. त्याच्या पुढच्या जूनलाही. भांडल्या नाहीत. दरवेळी शाळेच्या पहिल्या दिवशी जायचं, तेच विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि परत यायचं.

मधल्या काळात त्या मला गोठ्यात बोलवायला लागल्या. काम दिलं, रद्दी वाचायची. चिकटवायच्या आधी प्रत्येक तुकडा मी मोठ्यानं वाचायचा, असा नियम. मी वाचेपर्यंत खळ घट्ट व्हायची. बाई उठून त्यात गरम पाणी घालायच्या, ढवळायच्या, परत बसायच्या. एकदाही म्हणाल्या नाहीत, राहू दे, हा तुकडा मोठाय. फाडलेल्या कागदावर बातमी कधी पुरी नसते. कुठल्यातरी गावात विहिरीला पाणी लागलं आणि. एक म्हातारा चाळीस वर्षांनी घरी आला तेव्हा दारात. पुढचा भाग कुणाच्यातरी खुर्चीच्या पोटात गेलेला असायचा. मग पुढचं मी सांगायचो. म्हातारा दारात उभा राहिला, आतून कुणी विचारलं कोण आहे, आणि त्याला आपलं नाव आठवेना. बाई हसायच्या. "आसं कुटं आसतंय?" म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "आठवलं का रे त्याला?" खोऱ्यातल्या किती घरांत पोरं त्या अर्ध्या बातम्यांवर बसलेली आहेत. कधी कधी डोळा लागता लागता मला त्या सगळ्या खुर्च्या दिसतात, पडवीत, अंगणात, अंगणवाडीत, आणि त्या आतल्या आत एकमेकींना पुढची गोष्ट सांगत असतात.

बाईंनी माझ्या आईसाठी जे केलं तेही लिहायला पाहिजे. मी जन्मल्यापासून आई माहेरी मुक्कामाला गेलीच नव्हती. मामाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमी जा. मी ह्याला बघते."

"त्याचं हागणंमुतणं आसतंय, बाई."

"माझं बी आसतंय. जावा तुमी."

आई हळदीला गेली, लग्न लावलं, आणि दुसऱ्या दिवशी हातावर मेंदी घेऊन आली. तिच्या हाताला मेंदी मी पहिल्यांदा बघितली. ती दोन दिवस भांडी घासताना हात जपत होती.

ह्या जूनला बाई नेहमीसारख्या शाळेत गेल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच सर म्हणाले, "बसा बाई, चहा घ्या. ऑफिस वर नेलंय, आठवी खाली आणलीय. नववी-दहावीचं पण बघतोय. कधी येतोय तुमचा ओंकार?"

बाईंनी येऊन मला विचारलं, जाणार का. मला वाटलं होतं हे ऐकून मी आनंदानं वेडा होईन. पण मला भीती वाटली. माझ्याबरोबरची पोरं बारावीत आहेत. मला मिशी फुटलीय. आठवीतली पोरं माझ्याकडं बघणार, मी बोलायला लागलो की हसणार. बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हसतील. आठ दिवस हसतील, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळंल." आणि म्हणाल्या, "तुला न्हाई जायचं तर नगं जाऊ. मी सरांचा चहा पिलाय तेवढा, त्याचं मी बघीन."

मी तीन रात्री विचार केला. मग हो म्हणालो.

नवी खुर्ची माझ्या आत्ताच्या मापाची आहे. तिचे कागद मीच वाचलेत. सलीमचाचांकडं भट्टीवर ती वाळतेय. सोमवारी ती येईल आणि सोमवारीच मी आठवीत बसेन.

बाईंचे गुडघे आता दुखतात. डॉक्टरांनी दुपारी आडवं व्हायला सांगितलंय, पण लोक भेटायला येतात आणि त्या उठून बसतात. हे पुस्तक वाचून तुम्हालाही त्यांना भेटावंसं वाटेल. जरूर या, पण दुपारच्या वेळी येऊ नका. त्यांना झोपू द्या. त्यांची भूक चांगली राहू दे, हात असेच चालू राहू देत, आणि गुडघ्यांनी त्यांना गोठ्यापर्यंत न्यायचं कधी नाकारू नये. मला दहावी व्हायला अजून तीन वर्षं आहेत, आणि मी सावकाश शिकणारा मुलगा आहे. बाईंना खूप, खूप जगावं लागेल.