न सापडलेले एकोणऐंशी शेतकरी

एकोणऐंशी ओळी उडवायच्या होत्या. काम एका सेकंदाचं. ओळी निवडायच्या, डिलीट दाबायचं, फाईल सेव्ह करायची. माझं बोट की-बोर्डवर होतं आणि शेजारच्या खुर्चीत आमना बसली होती. ती म्हणाली, "एक मिनट, अंकल."

मी जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयातून रिटायर झालो. आयुष्यभर पिकांचे आकडे गोळा केले. आता पुंडलिकनगरातल्या घरी पीएच.डी. करणाऱ्यांना डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये मदत करतो. आमना सुदानची. आमच्या शहरात परदेशी विद्यार्थ्यांचं नवल कुणाला नाही, पण चौतीस वर्षांची, तिकडं शेती कॉलेजात शिकवणारी आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली अशी ती एकटीच माझ्या पाहण्यात. माझ्याशी इंग्रजीत बोलायची. मध्येच घरमालकिणीकडून उचललेलं इथलं हिंदी यायचं.

तिचा विषय होता कालव्याखालच्या शेतीचं अर्थकारण. तिच्या गावाकडं दोन नद्यांच्या मध्ये सपाट काळी जमीन आहे. जुने कालवे, त्यांना फुटलेल्या चाऱ्या, आणि चाऱ्यांवर कापूस, भुईमूग, ज्वारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई आमच्या गंगापूरबद्दलच बोलतीय. एका चारीवरच्या एकशे चाळीस शेतकऱ्यांना समोर बसून तिनं प्रश्न विचारले होते. कुणी किती पेरलं, बियाणं कुठलं, खत किती, माल कुठं विकला. ते कागद घेऊन ती इकडं लिहायला आली आणि मागं देशात लढाई पेटली. पुढं ती लढाई तिच्या चारीपर्यंत पोचली.

तिच्या गाइडनं म्हटलं, आता हाच प्रबंध. लढाईच्या आधी शेतीचं काय होतं आणि नंतर काय झालं. त्याच शेतकऱ्यांना फोन लाव, तेच प्रश्न पुन्हा विचार. तिनं महिनोन्‌महिने फोन लावले. एकसष्ट सापडले. एकोणऐंशी सापडले नाहीत. आमच्या भाषेत हा 'मिसिंग डेटा'. ज्याचं उत्तर नाही, ती ओळ काढून टाकतात. गाइडनंही तेच सांगितलं होतं.

"तेवीस नंबर," आमना स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "हाजा बतूल. मी फॉर्म भरत होते तेव्हा तिनं मला ताकासारखं आंबट दूध पाजलं. चव्वेचाळीस नंबरच्या माणसानं प्रत्येक उत्तर बायकोला विचारून दिलं. एक्क्याण्णव नंबरनं मला विचारलं, हे सगळं सांगून आम्हाला काय मिळणार." मग हिंदीत म्हणाली, "ये लोग मिसिंग नहीं हैं, अंकल. बस फोन नहीं लग रहा."

मी बोट काढून घेतलं. खरं सांगतो, तेव्हा ते फक्त तिच्या चेहऱ्याकडं बघून काढलं. त्यामागचं शास्त्र मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं.

सापडलेले एकसष्ट कोण होते, हे मी बघितलं. बहुतेकांचा एखादा मुलगा परदेशात होता, किंवा ते वेळीच शहराकडं निघून गेले होते. म्हणून त्यांचा फोन लागत होता. त्यांचंही नुकसान झालं होतं, पण ते बरे होते. ज्यांचं सगळं गेलं त्यांचा फोनही गेला असणार. म्हणजे एकोणऐंशी ओळी उडवल्या तर प्रबंध म्हणणार, लढाईनं शेतीचं फार काही बिघडलं नाही.

ही चूक मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी केली होती. आमच्याकडं पीक कापणी प्रयोग असतो. तालुक्याचं उत्पादन काढायला चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडतात. निवडलेल्या शेतात ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. वेरूळच्या बाजूला माझ्या वाट्याला आलेल्या शेतात बाजरी उगवलीच नव्हती. मी शेजारचं शेत घेतलं. साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, ज्याचं पीक गेलं त्याला तू मोजणीतूनच हाकललंस. जा, शून्य लिहून आण.

मी गाइडना फोन केला.

"सर, मुदत संपत आलीय," ते म्हणाले. "एक्स्टेन्शन दोनदा झालं. तिसरं मिळणार नाही."

"एकसष्टांवर निष्कर्ष खोटा येईल."

"आकडे तर खरे आहेत ना?"

"आकडे खरे आहेत. निष्कर्ष खोटा."

मग त्यांनी विचारलं, किती दिवस पाहिजेत. मी तीन महिने म्हटलं. त्यांनी दोन दिले. माणूस वाईट नव्हता. त्यांना तिची मुदत दिसत होती, एवढंच.

आता शोधायचं कसं? आमना म्हणाली, माझ्या वडिलांना विचारते. त्यांचं नाव तय्यब, वय सत्तरीच्या जवळ. ते त्याच चारीवरचे पाटकरी. पाटकरी म्हणजे चारीची दारं उघडून ज्याच्या-त्याच्या पाळीप्रमाणं पाणी सोडणारा माणूस. चारीवर कोण पेरतं, कोण भांडतं, कुणाचं लेकरू आजारी, हे पाटकऱ्याला जेवढं माहीत तेवढं कुणालाच नसतं. घरची सगळी माणसं दुसरीकडं निघून गेली, हे एकटे मागं राहिले होते. चारीच्या दारांची किल्ली त्यांच्याकडं होती.

गावात नेटवर्क नव्हतं. तिथून तीन तासांवर एका माणसानं सॅटेलाइटची डिश बसवली होती. लोक रांगेत उभं राहून तिच्यावरून निरोप पाठवायचे. आमनाचा निरोप मिळाल्यावर तय्यब आठवडाभर लोकांकडं विचारपूस करून दर शुक्रवारी गाढवावरून तिथं जायला लागले. व्हॉइस नोट पाठवायचे. शनिवारी सकाळी आमना आमच्याकडं यायची. ती ऐकायची, मला इंग्रजीत सांगायची, मी रकाने भरायचो. माझी बायको शोभा चहा घेऊन तिथंच बसायची. तिला इंग्रजीही समजत नव्हतं आणि अरबीही, पण ती उठायची नाही.

मी आमनाची अकरा पानांची प्रश्नावली चार प्रश्नांवर आणली. माणूस कुठं आहे, पेरलं का, बियाणं कुठलं, आता शेतात काय उभं आहे. शिवाय एक रकाना: हे त्यानं स्वतः सांगितलं, शेजाऱ्यानं सांगितलं, की डोळ्यांनी बघितलं.

पहिल्या नोटमधली दोन मिनिटं नुसती ख्यालीखुशालीत गेली. आमना कशी, तिची मुलगी कशी, घरमालकीण कशी, मी कसा, माझी बायको कशी, आमची मुलं, आमचे शेजारी. मला त्या डिशवरच्या वेळेची काळजी. मी आमनाला म्हटलं, त्यांना सांग, मुद्द्याचं तेवढं बोला. तिनं अवघडत निरोप दिला. पुढच्या शनिवारी उत्तर आलं, ते तिनं मला शब्दाला शब्द सांगितलं.

"तुमच्या साहेबांना सांग, मी लोकांना 'तुमचं काय काय गेलं' असं विचारायला जातोय. आधी 'कसे आहात' म्हटल्याशिवाय ते कसं विचारू? आणि दिवसभर तसं बोलल्यावर तोंडाला तीच सवय राहते."

मी पुन्हा कधी वेळेचं नाव काढलं नाही.

ओळी भरायला लागल्या. लढाईनं शेतीचं नुकसान होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला तेव्हा कळलं. मी समजत होतो की उभं पीक जळत असेल. तसं फार थोड्या ठिकाणी झालं होतं. ट्रॅक्टर हाकून नेले होते. बियाण्याचं गोदाम फोडलं होतं. कालव्यातला गाळ काढणारी मशीन बंद पडली होती, त्यामुळं चारीत गवत माजलं आणि शेवटच्या शेतांना पाणी पोचेना. राखून ठेवलेलं बी लोकांनी खाल्लं. मदतीत आलेलं धान्य काहींनी पेरलं. ते खायचं धान्य, निम्मं उगवलं नाही. ज्याला पिकलं त्याला रस्ता बंद. म्हणजे गावात ज्वारी पडून, आणि शहरात ती मिळेना.

एका शनिवारी माझे थोरले भाऊ आले होते. गंगापूरकडं शेती करतात. सोफ्यावर बसून, मी मराठीत सांगेन ते सगळं ऐकत होते. मध्येच मला म्हणाले, "कडब्याचं नाय इचारलं व्हय रे?"

मी म्हटलं, आपण धान्याचं मोजतोय.

"धान्य जाऊं दे. ज्वारीचा कडबा निघाला का इचार. जनावर जगलं तर मानूस पुढल्या साली उभा ऱ्हाईल. जनावर गेलं म्हंजी समदंच गेलं."

आमनाला मी हे सांगितलं. तिनं वही बंद केली, परत उघडली आणि पाचवा प्रश्न लिहून घेतला. हा प्रश्न तिच्या अकरा पानांत नव्हता, माझ्या चारांतही नव्हता. पुढं प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण त्यावरच उभं राहिलं. ज्यांच्याकडं कडबा होता त्यांची शेळी, बैल, गाढव टिकलं, आणि पुढच्या हंगामात पेरायला तेच लोक परतले. पदरी धान्य किती होतं, यावर ते तेवढं ठरलं नव्हतं.

तेवीस नंबरची ओळ चौथ्या आठवड्यात भरली. हाजा बतूल जिवंत होती. पूर्वेकडं मुलीकडं. शेत पडीक. मी पेरणीच्या रकान्यात शून्य टाकलं. आमना स्क्रीनकडं बघून हसली आणि मग तिला रडू आलं. शोभानं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी स्वयंपाकघरात गेल्या, मी बाकीचे रकाने भरत बसलो.

त्यानंतर नोट आली नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा. आमना वेळेवर यायची. शोभा तिच्यापुढं कोथिंबीर निवडायला ठेवायची. वडिलांचं काय झालं असेल, हेच तिघांच्याही मनात होतं. मला शिवाय स्वतःची लाज वाटत होती. एकोणऐंशींचा हट्ट माझा होता. माझ्या टेबलावरच्या रकान्यांसाठी एक म्हातारा माणूस लढाईतल्या रस्त्यानं ये-जा करत होता आणि त्याचं स्वतःचं नाव त्या एकशे चाळीसांत कुठंच नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी तिला म्हटलं, आता थांबवू. जेवढं झालं तेवढं पुरे.

तिनं कोथिंबिरीवरून नजर उचलली नाही. "वो आपके लिए नहीं जाते, अंकल," ती म्हणाली. "उनको भी जानना है, कौन कहाँ है."

चौथ्या शनिवारी ती जिना जवळजवळ पळतच चढली. फोन हातात. नोट आली होती, सात मिनिटांची. आवाज बसलेला होता. तय्यबना मलेरिया झाला होता, आणि रस्त्यात कुणीतरी गाढव काढून घेतलं होतं, म्हणून या वेळी ते चालत गेले होते. उशीर झाल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. त्याआधी अर्थातच ख्यालीखुशाली. शोभाच्या गुडघ्यांचंही विचारलं. तिचे गुडघे दुखतात, हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. शेवटी अकरा नावं.

दोन महिने संपले तेव्हा एकोणऐंशींपैकी सहासष्ट जणांची खबर लागली होती. तेरा जणांची लागलीच नाही. ते आम्ही उडवले नाहीत. वेगळ्या तक्त्यात छापले. लढाईआधी त्यांच्याजवळ काय होतं ते लिहिलं आणि पुढचा रकाना कोरा ठेवला.

राहिल्या शिफारशी. प्रबंधाच्या शेवटी काय करायला हवं ते लिहावं लागतं. आमनानं पहिली शिफारस बियाणं वाटायची लिहिली, मग खत, मग ट्रॅक्टर. मी म्हटलं, ठीक आहे. तिनं ती यादी वडिलांना वाचून पाठवली. त्यांचं उत्तर छोटं होतं. "आधी चारी साफ करा. पाणी नसताना बी वाटलं तर पाखरं खातील." आमनानं यादी खालीवर केली.

व्हायव्हा छोट्या हॉलमध्ये झाला. मी मागच्या रांगेत बसलो, शोभा आमनाच्या मुलीला घेऊन शेजारी. बाहेरगावचे परीक्षक कडक होते. तेरा कोऱ्या ओळी का छापल्या, असं त्यांनी विचारलं. आमना म्हणाली, न सापडणं हाही नुकसानीचा भाग आहे, सर. त्यांनी मान हलवली. मग पानं उलटत शेवटाला आले.

"पहिली शिफारस चांगली आहे. सगळे बियाण्यानं सुरुवात करतात. याचा संदर्भ तुम्ही 'व्यक्तिगत संवाद' असा दिलाय. हे तज्ज्ञ कोण? पद काय त्यांचं?"

"पाटकरी, सर," आमना म्हणाली. "माझे वडील."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. वडील आता कसे आहेत, असं विचारलं. आणि पुढचा प्रश्न विचारायचा विसरले.

आमना आता डॉक्टर आमना आहे. तय्यब तिथंच आहेत. चारी अजून साफ झालेली नाही. लोकांनी फावड्यानं काही भाग मोकळा केला आणि तेवढ्यापुरती ज्वारी झाली, असं मागच्या महिन्यात कळलं.

प्रबंधाच्या संदर्भसूचीत 'व्यक्तिगत संवाद' अशी एक जागा असते. मी कधी ती वाचत नसे. ज्यांना छापील आधार मिळत नाही ते तिथं काहीतरी भरतात, असा माझा समज होता. आता नवा प्रबंध हातात आला की आधी तीच जागा बघतो. ती रिकामी असेल तर विद्यार्थ्याला विचारतो, "शेतावर कुणाशी बोललास?"