वेताळाला सभासद करून घ्या

लहानपणी ईट गावात आम्ही पोरी एक खेळ खेळायचो. त्याला नाव नव्हतं. दूध सोसायटीच्या दारात कडुलिंब होता, त्याच्या सावलीत एक शहाबादी फरशी पडलेली असायची. तिच्यावर खडूनं जंगल, नदी आणि किल्ला काढायचा. किल्ला परंड्याचा, कारण दुसरा आमच्यातल्या कुणी पाहिलाच नव्हता. मग एकीनं राणी व्हायचं, एकीनं वैद्य, एकीनं चोर. पुढं काय घडतं ते सोसायटीच्या चेअरमनची नात सांगायची. जमलं की फसलं ते फोडलेले चिंचोके ठरवायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर जमलं, काळ्या पडल्या तर मेलात.

तिच्या घरी दिवसभर सोसायटीच्याच गप्पा, त्यामुळं आमचा खेळही तसाच चालायचा. सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय राणीला साधी तलवारसुद्धा मिळत नसे.

फरशीभोवती चुलीतल्या राखेचं मोठं रिंगण असे. ते मंतरलेलं. त्यात बसलेल्यांना वेताळ शिवू शकत नाही.

वेताळ मी.

वेताळ कोण हेही चिंचोके टाकूनच ठरवायचं होतं. पण मी खेळायला आले की टाकायची गरजच पडायची नाही. "तुला लई भारी जमतंय," चेअरमनची नात म्हणायची. आमचं घर बौद्ध. खरं कारण तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते दोघींनाही पाठ होतं. सावली सगळी रिंगणात आणि मी चैत्राच्या उन्हात. माझे चिंचोकेसुद्धा तीच टाकायची, कारण वेताळाचा हात आत आला तर मंत्र तुटतो म्हणे. ती टाकणार, काळे पडणार, मी हरणार. मला असा राग यायचा की वाटायचं, खरंच एखादीला खाऊन टाकावं. अजून येतो.

त्यात रिंगणाचे नियम रोज वाढत. कोंबडी राखेतून गेली तर? मंत्र शाबूत, जनावराला कुठं कळतंय. वाऱ्यानं राख उडाली तर? परत भरेपर्यंत वेताळानं गप उभं राहायचं. ते दिवस दुष्काळाचे. दुपारी टँकरचा हॉर्न वाजला की राणीसकट सगळ्या घागरी घेऊन रिंगणाबाहेर पळायच्या, आणि बाहेर तर मी उभीच! एकदा मी राणीची वेणी धरली.

"टँकर आल्यावर खायचं न्हाय!" ती बोंबलली. लगेच तोही नियम झाला. मलाही घागर भरायचीच होती, म्हणून सोडून दिली.

शेवटी घरी वडिलांकडं तक्रार केली. ते त्याच सोसायटीचे सेक्रेटरी.

"वेताळ कसला?" ते म्हणाले. "आपण असलं काही मानत न्हाय."

"पण अण्णा, मीच हाय ना वेताळ."

"वेताळ नसतोच."

झालं! रिंगणात जागा नव्हतीच, आता बाहेरचीही गेली. मी तोंड फुगवून जेवायला बसले. वडील आईला सोसायटीतलं भांडण सांगत होते. चेअरमन एका माणसाला सभासद करून घेत नव्हते. "सबळ कारण नसंल तर कुणालाच नकार देता येत न्हाय. नियमच हाय तसा. घ्यावं लागलं शेवटी," वडील म्हणाले. माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी राखेच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिले. "मला सभासद करून घ्या."

"कशाचं?" चेअरमनच्या नातीनं विचारलं.

"रिंगणाचं."

"येडी का काय? तू वेताळ हाईस."

"ते सबळ कारण न्हाय."

दुसरी कुणी असती तर हसली असती. हिच्या घरात हे शब्द रोजचे, त्यामुळं हिचा चेहरा उतरला. "सूचक कोण?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"मी," वैद्य म्हणाली. रिंगणात कुणाला काही होतच नसल्यानं ती बसून बसून कंटाळली होती. चोरानं अनुमोदन दिलं, कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं आणि बाहेर मी.

"आत येऊन हिनं खाल्लं तर?" राणीनं विचारलं.

"मग पुढच्या सभेत काढून टाकू."

"पुढच्या सभेला आपण असू का?"

चेअरमनची नात सोसायटीच्या दाराकडं वळून ओरडली, "काका, वेताळ असणं हे सबळ कारण हाय का?"

"वेताळ नसतोच!" आतून वडिलांचा आवाज आला. तेच उत्तर, पण ह्या खेपेला माझ्या कामाचं.

ती जरा सरकली. मी रेष ओलांडून सावलीत बसले. फरशी गार होती. बाहेर आता कुणीच नव्हतं, आणि सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"खा की मग आता," ती म्हणाली.

"खाते. आधी चिंचोके माझ्या हातात दे."

तिनं दिले. सगळ्यांच्या हातांतून फिरून ते गरम झाले होते.