शोभेचा खांब

मालवीय रोडवरच्या जुन्या बँकेत दफ्तरी म्हणून फायली सांभाळणाऱ्या नरहरी सातपुते यांचा तोरा मॅनेजरपेक्षा कमी नव्हता. नवा ग्राहक दिसला की हॉलमधल्या नक्षीदार खांबावर टकटक करून दाखवायचे. आवाज पोकळ यायचा. 'शोभेचा आहे,' असं म्हणून हसायचे. एकोणतीस वर्षं हेच चाललं. हे त्यांना कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही, आणि नरहरींनी तरी स्वतःला कुठे विचारलं?

आता शेजारची दुकानं काचेची झाली, तेव्हा बँकेलाही एटीएमसाठी जागा हवीशी झाली. इंजिनियर शिशिरने नकाशात त्या खांबावर फुली मारून लिहिलं: 'शोभेचा. माहिती: नरहरी'. नकाशात नाव आलं म्हणून नरहरींनी त्याचा फोटो बायकोलाही दाखवला.

शनिवारी संध्याकाळी खांबाच्या बुडाशी छिन्नी लागली. सोमवारी मॅनेजर देवयानी मॅडम आणि कॅशियरने तिजोरीच्या खोलीला आपापली किल्ली लावली. दार ओढायचं काम नरहरींचं. एका बोटाने येणारं ते लोखंडी दार आज खांदा लावल्याशिवाय हलेना. वरचा कोपरा घासत होता. चौकटीवरची तुळई थेट त्या खांबावर जाते, हे त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

बाहेर छिन्नी पुन्हा सुरू झाली. हॉलमध्ये पेन्शनवाले जमले होते. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. बोलावं तर हसं, गप्प बसावं तर ही सगळी माणसं छताखाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"मॅडम, आधी लोकं बाहेर काढा," ते म्हणाले. "तो खांब शोभेचा आहे का, मले माहीतच नाही. मी आपलं उगाच सांगून राहिलो होतो."

"भैया, आपने ही तो कहा था," हॉलमधून आत आलेला शिशिर म्हणाला.

"हव. मीच."

देवयानी मॅडमनी दार स्वतः ढकलून पाहिलं आणि हॉल रिकामा करवला. छताला टेकू दिले, मग खांबाचा गिलावा हाताने सोलला. बाहेर चुन्याचं कवच, मध्ये वीतभर पोकळी आणि आत अख्खा वरचा मजला डोक्यावर घेतलेला लोखंडी खांब. त्याच्या पायाच्या विटा निम्म्या फुटल्या होत्या.

शिशिरने बिचाऱ्या नरहरींची लाज राखावी म्हणून नकाशातली ती ओळच खोडायला पेन काढलं. नरहरींनी त्याचा हात धरला.

"शोभेचा, तेवढं खोडा," ते म्हणाले. "नाव राहू द्या."