शब्बाथ शाळेचे नवे शिक्षक

कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये मे महिन्यात लहान मुलांसाठी आठवडाभर शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचे वर्ग, भरते. गाणी, बायबलमधल्या गोष्टी, कागदकाम आणि शेवटी सरबत. वर्षानुवर्षं आम्ही तीन-चार बायकाच ती चालवायचो. एका वर्षी एक जण मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, दुसरीचे गुडघे बोलायला लागले. तेव्हा मी सभेत सांगून टाकलं, "यंदा नववी-दहावीची मुलं शिकवतील. त्यांना मी तयार करते."

मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद हसले. "अहो बाई, ही पोरं उपासनेत मोबाइल बघत बसतात."

"समोर तीस पोरं बसली की नाही बघणार," मी म्हणाले. डोंबिवलीच्या शाळेत शिकवण्यात माझी उभी हयात गेली होती. या वयाच्या मुलांना लुटुपुटुचं काम दिलं तर ती चेष्टा करतात आणि खरं काम दिलं तर रात्रीत मोठी होतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलभर संध्याकाळी सराव चालला. मुलं शिकवायची आणि मी विद्यार्थी व्हायचे. त्यांना वाटलं, आंटी शहाण्यासारख्या ऐकतील. मी सतरंजीवर लोळण घेतली, "मला घरी जायचंय" म्हणून भोकाड पसरलं, शेजारी बसलेल्या मुलीची वेणी ओढली. टिटवाळ्याहून येणारी एक अबोल मुलगी तेवढी न हसता माझ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "बरं, घरी जाऊ. पण आधी हा कागद धर ना, मला एकटीला कापता येत नाहीये." मी रडायचं विसरून कागद धरला. बाकीच्यांना म्हटलं, "बघा, याला म्हणतात शिकवणं."

मानपाड्याचा एक मुलगा मात्र आईने ढकलला म्हणून आलेला. नकला उत्तम करायचा. रिक्षावाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत कोणी सुटायचं नाही. मी त्याला येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट दिली. "आंटी, ही तर आपली गोष्ट आहे! फुल अ‍ॅक्शन!" तो खूश.

मे महिन्यात शाळा भरली, तेव्हा त्याच्या गोष्टीच्या दिवशी त्याने खरंच धमाल केली. दोन मुलींनी निळी चादर दोन टोकांना धरून लाटा केल्या, बाकांची नाव झाली, शिष्य घाबरून ओरडले. मग येशूने वाऱ्याला धमकावलं, चादर सपाट झाली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला पहिलीतला एक मुलगा उभा राहिला. "दादा, मग माझे पप्पा आजारी होते तेव्हा त्याने का नाही थांबवलं?"

त्याचे वडील हिवाळ्यात गेले होते. हॉलमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं. रडणं, भांडणं, सांडलेलं सरबत, सगळ्याची तयारी मी करून घेतली होती, याची नव्हती. मी मागच्या खुर्चीवरून उठलेच. टिटवाळ्याच्या मुलीने माझ्याकडे बघून 'नको' म्हणून हळूच मान हलवली. मी थांबले.

मानपाड्याचा मुलगा बाकांवरून खाली उतरला आणि त्या लहानग्याच्या शेजारी मांडी घालून बसला. "मला नाही माहीत रे," तो म्हणाला. "खरंच नाही माहीत. तुला पप्पांची खूप आठवण येते का?"

लहानग्याने मान डोलावली.

"काय करायचे ते तुझ्याबरोबर?"

"खाडीवर न्यायचे. पक्षी बघायला."

"मग मला सांग ना त्या पक्ष्यांबद्दल."

आणि तो सांगू लागला. लांब पायांचे, गुलाबी, एका पायावर उभे राहणारे. बाकीची मुलं सरकत सरकत जवळ आली. कागदकामाला त्या दिवशी नावा करायच्या होत्या. टिटवाळ्याच्या मुलीने कोणाला न विचारता गुलाबी कागद काढले आणि सगळ्यांनी पक्षी केले.

शाळा सुटल्यावर ते ज्येष्ठ सभासद माझ्याकडे आले. ते दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "बाई, त्याने बायबलमधलं काहीतरी वचन सांगायला हवं होतं. 'माहीत नाही' काय?"

"सहा वर्षांच्या मुलाला आज वचनाआधी सोबत हवी होती," मी म्हणाले. "तुम्ही असता तर काय उत्तर दिलं असतं?"

त्यांनी सतरंजीवर पडलेला एक गुलाबी कागदी पक्षी उचलला. मग म्हणाले, "मलाही नसतं आलं."

दुसऱ्या दिवशी त्या लहानग्याची आई त्याला सोडायला आली, ती दाराशीच घुटमळली. "वडिलांबद्दल तो घरी एक शब्द बोलत नव्हता," ती म्हणाली. "काल रात्री जेवताना बोलला. आम्ही दोघं रडलो, मग हसलो पण." मग तिने मानपाड्याच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. कायम बडबडणाऱ्या त्या पोराला कुठे बघावं ते कळेना.

आता तो कॉलेजात आहे. एप्रिलचा सराव गेल्या वर्षापासून तो आणि ती टिटवाळ्याची मुलगी घेतात. मी विचारलं, "मी काय करू?" तर म्हणतात, "आंटी, तुम्ही फक्त लोळण घ्या. तसं कोणालाच जमत नाही."